झिजलेला ब्लॉक, नवा पिस्टन: हैदराबादेतला बोअरिंगचा धंदा

छोट्या इंजिनाचा सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वर चढून जिथून परत फिरतो, तिथे वरची रिंग क्षणभर थांबते. तेलाचा थर तिथे सर्वांत पातळ आणि उष्णता सर्वांत जास्त, त्यामुळे झीजही तिथेच जास्त. त्याच्याही वर, रिंग पोचत नाही त्या पट्टीत, मूळ मापाचा काठ शिल्लक राहतो आणि बोट फिरवले की नखाला लागतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टनला एका अंगाला रेटतो, म्हणून भोक गोल न राहता लंबगोल होत जाते. अशा सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर गाडी थोडे दिवस बरी चालते आणि मग पुन्हा धूर मारायला लागते. लंबगोल भोकात गोल रिंग नीट बसत नाही, एवढेच त्याचे कारण. यावरचा जुना उपाय असा, की भोक किंचित मोठे करून पुन्हा गोल करायचे आणि त्यात तेवढ्याच मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. हैदराबाद-सिकंदराबादेत स्कूटरवाल्यांच्या तोंडी याचे नाव ‘ब्लॉक बोअर करणे’.

या जुळ्या शहरांत हा धंदा चांगला जमला, त्यामागे कारागिरांचे कसब होतेच. पण त्याहून मोठे कारण होते टंचाईचे. नवा सिलिंडर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि गाडी तर चालली पाहिजे, अशी स्थिती होती तोवर जुना सिलिंडर वाचवणाऱ्याला मान होता. या धंद्याचा इतिहास म्हणजे पुष्कळसा त्या टंचाईचाच इतिहास आहे.

धातूत सरळ आणि गोल भोक पाडण्याची विद्या मुळात तोफांची. इंग्लंडात जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफा कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि लगेचच सिलिंडरसाठी वेगळे यंत्र बांधले. त्यात कोरणाऱ्या दांड्याला दोन्ही टोकांना आधार होता, त्यामुळे पाते आत गेल्यावर झुकत नसे. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाला असा सिलिंडर मिळाल्यावरच ते इंजिन धंद्याला लावता आले. तोवर पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातल्या फटीतून वाफ निसटत होती. साधारण त्याच सुमारास, १७८६ मध्ये, निजाम अली खानाच्या पदरी असलेल्या मिशेल रेमों या फ्रेंच सेनानीने हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना घातला. लोक त्याला ‘तोप का सांचा’ म्हणत. फतेह मैदानाजवळच्या त्या भागाला आजही गनफाउंड्री हेच नाव आहे. मराठी वाचकाला रेमों ठाऊक असतो तो १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईमुळे. तिथे त्याच्या पलटणी मराठ्यांसमोर उभ्या होत्या. १७९८ मध्ये तो वारला, त्याच वर्षी इंग्रजांनी फ्रेंच पलटणी मोडल्या आणि ओतकामाची ती परंपरा तिथेच खुंटली. तोप का सांचापासून सिकंदराबादेतल्या राणीगंजच्या बोअरिंग मशीनपर्यंत सरळ वंशावळ काढण्याचा मोह होतो, पण मध्ये जवळपास शतकाची पोकळी आहे.

ती पोकळी भरली रेल्वेने. वाडीहून सिकंदराबादला येणारा निजामाचा लोहमार्ग १८७४ मध्ये सुरू झाला आणि १८९३ मध्ये सिकंदराबादजवळ लालागुडा येथे रेल्वेची कर्मशाळा उभी राहिली. वाफेच्या इंजिनाचे सिलिंडरही झिजतात आणि तेही कोरून गोल करावे लागतात. फिटर, टर्नर, मोल्डर या जाती-धर्मापलीकडच्या नव्या ओळखी शहरात रुजल्या त्या अशा कर्मशाळांतून. मायक्रोमीटर हातात धरून इंचाचा हजारावा भाग, म्हणजे कारागिरांचा ‘थाउ’, ओळखणारी माणसे जिथे दोन पिढ्या तयार होतात, तिथे खासगी लेथवाल्याला गडी शोधत फिरावे लागत नाही.

मोटारी आल्या तेव्हा त्या अमीर-उमरावांच्या होत्या. सहाव्या निजामाने मागवलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर सातव्याच्या काळात येऊन पोचलेली पिवळी रोल्स रॉइस हे त्यांतले प्रसिद्ध उदाहरण. सिंहासनासारखी मागची बैठक असलेली ही गाडी समारंभापुरतीच बाहेर पडे, आणि ती इतके थोडे मैल चालली की तिचा सिलिंडर झिजण्याची वेळच आली नाही. झिजणारी इंजिने आली ती बसमधून. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने रस्ते वाहतुकीचा विभाग काढला. सुरुवातीला २७ गाड्या आणि १६६ नोकर होते. रेल्वेच्या शिस्तीत चालणाऱ्या या विभागात इंजिन ठरल्या मुदतीत उतरवून, मोजून, गरज पडल्यास बोअर करून पुन्हा बांधण्याची पद्धत होती. रस्ते धुळीचे आणि हवेची गाळणी साधी; दख्खनची धूळ सिलिंडरमध्ये गेली की ती रिंगांना कानशीसारखी घासते. हा विभाग १ नोव्हेंबर १९५१ रोजी रेल्वेकडून राज्य सरकारकडे आला. पुढे भाषावार प्रांतरचनेनंतर मराठवाड्यातली त्याची वाहतूक मुंबई राज्याच्या वाट्याला गेली.

याच काळात शहराला स्वतःचे कारखानेही मिळाले. निजाम सरकारने १९२९ मध्ये इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड स्थापन करून उद्योगांत पैसा घातला आणि आझमाबादची औद्योगिक वसाहत वसवली. ट्रस्ट फंड आणि अल्लाउद्दीन कंपनी यांच्या भागीदारीतून १९४२ मध्ये हैदराबाद ऑल्विन मेटल वर्क्स निघाली, तर १९४३ मध्ये प्रागा टूल्स. ऑल्विनकडे बसचे सांगाडे, लोखंडी कपाटे आणि पुढे फ्रिज. प्रागाकडे लेथचे चक, ड्रिलचे चक, हत्यारांना धार लावणारी यंत्रे. छोट्या लेथवाल्याला या दुसऱ्या कारखान्याचा उपयोग जास्त झाला, असे म्हणायला हरकत नाही. चांगला चक नसेल तर चांगले टर्निंग होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि देशभर बस-ट्रकच्या पाठीवर कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या चढल्या. कोळशाच्या गॅसबरोबर राखेचे कण येतात. गाळणी कितीही घातली तरी थोडे आत जातातच आणि सिलिंडर भराभर झिजतो. युद्धानंतर सुटे भाग सुरळीत मिळतील ही आशाही हैदराबाद संस्थानात फोल ठरली. भारत सरकारशी नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार झाला, संबंध बिघडले, नाकेबंदी आली आणि सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस ॲक्शन झाली. त्या वर्षभरात पेट्रोलपासून यंत्रांच्या भागांपर्यंत सगळ्याचीच ओढाताण होती. जे आहे ते दुरुस्त करून वापरायचे, ही सवय इथल्या वर्कशॉपना त्या काळाने लावली.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर परवान्यांचे बंधन आले आणि टंचाई कायमची वस्तीला आली. मद्रासला १९४९ मध्ये इंडिया पिस्टन्स आणि पतियाळाला १९५४ मध्ये गोएत्झे हे कारखाने निघाल्यावर पिस्टन आणि रिंगा देशात होऊ लागल्या. पण सबंध सिलिंडर सहज मिळत नव्हता. म्हणजे पिस्टन मिळतो आणि सिलिंडर मिळत नाही, अशी बोअरिंगवाल्याला अगदी सोयीची परिस्थिती. सिकंदराबादचे राणीगंज यंत्रांच्या आणि मोटारींच्या सुट्या भागांची पेठ म्हणून नावारूपाला आले. भोलकपूरच्या भंगार बाजारात मोडीत निघालेल्या इंजिनांचे ब्लॉक मिळत, ते बोअर करून पुन्हा उपयोगात येत.

या पेठेचे एक गिऱ्हाईक शेतकरी होता. सातारा रोडच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवायला सुरुवात केली होती, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवरचे ५ हॉर्सपॉवरचे किर्लोस्कर इंजिन मराठवाडा-तेलंगणातल्या शेतकऱ्याच्या घरातलेच एक माणूस होऊन बसले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाणारी मीटरगेज १९०० पासून चालू होती, त्यामुळे मोठ्या कामासाठी राजधानीकडे बघणे ओघाने आलेच. या इंजिनाचा सिलिंडर ८० मिलिमीटर व्यासाचा आणि पिस्टनचा फेर ११० मिलिमीटरचा. त्यात लायनर वेगळा असतो आणि तो झिजला की काढून नवा घालता येतो. त्यामुळे शेतातल्या इंजिनाला बोअरिंगची गरज पडे ती लायनर मिळत नसेल तेव्हाच.

बोअरिंगचा खरा बहर आला स्कूटरमुळे. बजाज चेतकचा बोअर ५७ मिलिमीटर, फेरही ५७, म्हणजे साधारण १४५ सीसी. लॅम्ब्रेटा १५० चा बोअर ५७, फेर ५८. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हींचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा. सत्तरच्या दशकात चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि नंबर लागलेली स्कूटर जास्त भावाने विकली जाई. लखनौच्या स्कूटर्स इंडियाने इटलीतल्या इनोचेंतीची यंत्रसामग्री विकत घेऊन लॅम्ब्रेटाच्याच घाटाची विजय सुपर काढली, आणि राज्याराज्यांना तिचे भाग पुरवून स्थानिक नावांनी स्कूटर जोडायला दिल्या. आंध्र प्रदेशात तिचे नाव ‘ऑल्विन पुष्पक’ पडले. हैदराबादच्या रस्त्यावर पुष्पक, चेतक आणि रिक्षा अशी टू-स्ट्रोकांची दाटी झाली. यांतल्या प्रत्येकीचा सिलिंडर कधी ना कधी राणीगंजच्या वाटेने जाणारच होता.

टू-स्ट्रोकचा सिलिंडर नुसता झिजतो असे नाही, तो जामही होतो. पेट्रोलमध्ये तेल कमी पडले, कार्बोरेटरच्या पॅकिंगमधून हवा शिरून मिश्रण पातळ झाले, किंवा पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असली, की पिस्टन तापून फुगतो आणि भिंतीला चिकटतो. रिक्षाच्या बाबतीत ही भेसळ अनेकदा जाणूनबुजून केलेली असे. रॉकेल स्वस्त, पिस्टन महाग, पण हिशेब रोजच्या रोज पाहणाऱ्याला पहिलाच आकडा दिसतो. जाम झालेला पिस्टन सोडवला की सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसतात आणि पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे चकचकीत लेप चिकटलेले असतात.

घरी करण्यासारखे काम इथून सुरू होते. बिघाड किती खोल आहे, हे लेप काढल्याशिवाय कळत नाही. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि लोखंडाला हात लावत नाही. संडास साफ करायचे ॲसिडही ॲल्युमिनियम झपाट्याने विरघळवते, पण जास्त वेळ राहिले तर लोखंडही चावते. म्हणून लाकडी काडीला चिंधी गुंडाळून नेमक्या लेपावर थेंब थेंब लावायचे, फेस थांबला की पाण्याने धुवायचे आणि लगेच तेल पुसायचे, नाहीतर काही मिनिटांत गंज चढतो. काम उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करायचे. आणि सिलिंडर बाहेरून ॲल्युमिनियमचा असेल तर सोड्याच्या वाटेला जायचेच नाही, कारण सिलिंडर गार ठेवणारे पंखेच विरघळतील. लेप गेल्यावर खाली नखाला न लागणारे ओरखडे असतील, तर ३२० किंवा ४०० नंबरच्या एमरी कागदाने आडवे-तिरके घासून सिलिंडर वाचतो. ओरखडा नखाला अडकत असेल तर घरचे काम संपले.

दुसरी घरगुती परीक्षा रिंगेची. रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने थोडी आत ढकलायची म्हणजे ती सरळ बसते, आणि तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने मोजायची. व्यासाच्या दर इंचामागे सुमारे ४ थाउ हा जुना अंदाज. चेतकच्या सव्वादोन इंची सिलिंडरला साधारण ९ थाउ. नवी रिंग घालूनही फट याच्या तिप्पट-चौपट आली, तर सिलिंडरच मोठा झाला आहे. विजेच्या ड्रिलला लावायचे तीन दगडांचे होन बाजारात मिळते, आणि घरी काम करणाऱ्यांचा त्यावर फार विश्वास असतो. त्याने चकाकी मोडते, तेल धरणारे बारीक ओरखडे उठतात. पण लंबगोल भोक त्याने गोल होत नाही. दगड भिंतीच्या वळणाबरोबरच फिरतात, त्यामुळे वाकडे भोक वाकडेच राहून थोडे मोठे होते.

म्हणून इंजिन घरी उतरवायचे, सिलिंडर पिशवीत घालून लेथवर न्यायचा आणि पुन्हा घरी आणून बांधायचा, अशी कामाची वाटणी रूढ झाली. गल्लीतला मिस्त्रीही हेच करी. सिलिंडरबरोबर नवा पिस्टन नेणे मात्र सक्तीचे होते. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर मोठ्या मापांत येतात. इंचवाल्यांच्या भाषेत टेन, ट्वेंटी, थर्टी, फॉर्टी. पण एकाच मापाचे दोन पिस्टन शतांश मिलिमीटरपर्यंत सारखे नसतात. जाणता बोअरिंगवाला आधी पिस्टन मोजतो, तोही खालच्या बाजूला आणि गजन पिनच्या काटकोनात, कारण पिस्टन मुद्दामच किंचित लंबगोल आणि वर निमुळता केलेला असतो. त्या मापात ठरलेली फट मिळवली की भोकाचे माप निघते. मग सिलिंडर मशीनवर तळाच्या बाजूने, जिथे झीज नाही तिथून, केंद्रात बसवायचा. वरच्या झिजलेल्या भागावरून केंद्र धरले तर नवे भोक क्रँकशी तिरके पडते, आणि अशी गाडी पुढे का खडखडते ते कुणालाच उमगत नाही.

एका टोकाचे पाते फिरत खाली जाते आणि काळपट चूर्ण पडत राहते. ओतीव लोखंड सुटते ते भुग्यासारखे, त्याच्या लांब कुरळ्या पट्ट्या निघत नाहीत. शेवटचे काही शतांश होनिंगसाठी राखायचे. होनचे दगड फिरता फिरता वर-खालीही होतात, त्यामुळे भिंतीवर फुलीसारखी जाळी उठते. यानंतरचे काम सर्वांत दुर्लक्षित. टू-स्ट्रोकच्या भिंतीत हवा आणि धूर जाण्याच्या खिडक्या असतात; बोअरिंगनंतर त्यांच्या कडा धारदार होतात आणि रिंग त्यांत अडकून तुटते. त्या कडा बारीक कानशीने किंवा दगडाने सगळीकडून मोडाव्या लागतात. हे पाच-दहा मिनिटांचे काम न करता ब्लॉक गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणारे लेथवाले होते, आणि म्हणूनच घरी बांधणाऱ्याने खिडक्यांवरून बोट फिरवून पाहावे हा रिवाज पडला. शेवटी धुणे. रॉकेलने धुतले तर होनच्या दगडाची भुकटी जाळीत बसून राहते. गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि ब्रश यांनीच ती निघते. पांढरे फडके आत फिरवून पांढरेच बाहेर आले की सिलिंडर स्वच्छ.

चेतकला चौथा बोअर केला की ५७ चे ५८ होतात आणि इंजिन १४५ चे सुमारे १५० सीसी होते. नोंदणी पुस्तकात अर्थातच जुनाच आकडा राहतो. त्यापुढे पिस्टन मिळत नाही. मग स्लीव्ह घालायची. सिलिंडर आणखी कोरून त्यात ओतीव लोखंडाची नळी दाबून बसवतात आणि तिच्यात पुन्हा ५७ चे भोक पाडतात. सिलिंडर तापवून आणि स्लीव्ह गार ठेवून ती बसवावी लागते. खिडक्या नव्याने कापाव्या लागतात. स्लीव्ह सैल राहिली तर उष्णता बाहेर जात नाही आणि पिस्टन पुन्हा जाम होतो. बोअरिंग कुणीही शिकेल, स्लीव्ह मात्र ज्याची त्यालाच जमते, असा धंद्यातला समज आहे आणि तो खोटा नाही.

हे शिक्षण बहुतेक उस्तादाच्या हाताखाली झाले. बालानगरला १९६८ मध्ये केंद्रीय टूल डिझाइन संस्था निघाली खरी, पण तिथून बाहेर पडणारी मुले मोठ्या कारखान्यांत गेली. जुन्या शहरातल्या तरुणांसाठी १९७८ मध्ये सेटविन ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिने गल्लीतल्या कारागिराला निदान प्रमाणपत्र दिले. त्याच सुमारास आखाती देशांचा रस्ता खुला झाला आणि हैदराबादच्या मेकॅनिकांना तिकडे मागणी आली.

टंचाई सरली तसा धंदा उतरू लागला. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळे फिरते, त्यामुळे सिलिंडर कितीतरी जास्त टिकतो. त्याच वर्षी आलेल्या यामाहा आरएक्स १०० ने टू-स्ट्रोकचे वेड आणखी दशकभर टिकवले, पण प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक स्कूटर-रिक्षा मागे पडल्या. ऑल्विनही १९९० च्या दशकात मोडली. दुसरीकडे सिलिंडर, पिस्टन, रिंगा आणि पिन एकाच खोक्यात देणारे ‘ब्लॉक किट’ स्वस्त झाले. बोअरिंगची मजुरी आणि पिस्टनची किंमत मिळून किटच्या जवळपास जाऊ लागल्यावर गिऱ्हाइकाने किट घेतले, यात त्याची चूक काढता येत नाही. त्यातून नव्या मोटरसायकलींचे सिलिंडर बोअर होण्याजोगे उरले नाहीत. २००८ च्या यामाहा आर-१५ मध्ये सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा सिलिंडर आहे, लोखंडी लायनर नाहीच. केटीएमच्या ड्यूकमध्ये निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो. अशा भिंतीवर साधे पाते चालवले तर मुलामाच निघून जातो.

अधूनमधून जुने काम परत येते. ऑक्टोबर २०२० च्या पुरात हैदराबादच्या कितीतरी वस्त्यांत दुचाकी पाण्याखाली गेल्या. बंद इंजिनात पाणी राहिले की ज्या बाजूची खिडकी किंवा व्हॉल्व्ह उघडा असेल तिथे भिंतीवर गंजाचे खड्डे पडतात; वरवरचा गंज एमरीने जातो, खड्डे बोअरिंगशिवाय जात नाहीत. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे हौशी लोक. जुनी लॅम्ब्रेटा, पुष्पक, जावा, आरएक्स १०० शोधून काढून नवी करणाऱ्यांच्या हाती येणारा सिलिंडर बहुधा चारही बोअर संपलेला असतो, आणि जुन्या मोठ्या मापाचे पिस्टन आता सगळ्या गाड्यांचे मिळत नाहीत. त्यामुळे राणीगंजात उरलेल्या लेथवाल्यांकडे येणारे स्कूटरचे काम हल्ली बोअरिंगपेक्षा स्लीव्हचे जास्त: ५८ च्याही पुढे गेलेला ब्लॉक स्लीव्ह घालून पुन्हा ५७ वर आणायचा, आणि पहिल्या मापाचा पिस्टन घालून गाडी नव्याने सुरू करायची.